दहिवलीच्या पुलापर्यंत

प्रमोदिनी गुप्ते यांनी कर्जतच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. गावात सगळे त्यांना बाईच म्हणत, ज्यांनी त्यांच्या वर्गात एक दिवसही काढला नव्हता तेसुद्धा. बाईंसमोर माणसं जरा सावरून बोलत. बाजारपेठेतला फुलवाला गजरा बांधून देताना "पाणी मारलेलं आहे, बाई," असं म्हणे आणि बाई चार पावलं पुढे गेल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला "पानी मारलेला हाय" म्हणून सांगे. बाईंना ते ऐकू येई. त्यांना त्याची गंमत वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटे.

त्या बाईंचे शब्द नोव्हेंबरातल्या एका सकाळी गेले.

नाना, म्हणजे त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले. सकाळचा चहा तेच करत. त्या दिवशी त्यांनी आतून विचारलं, साखर किती घालू. बाई पेपर वाचत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंचांग." नानांना वाटलं, आज एकादशी आहे की काय ते बघायला सांगतेय. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई पुन्हा म्हणाल्या, "पंचांग, पंचांग," आणि त्यांच्या हातातला पेपर उजवीकडून गळून खाली आला.

शेजाऱ्यांची गाडी दारातच होती. चौक फाट्यावरून पनवेल गाठेपर्यंत नाना मागच्या सीटवर बाईंचा हात धरून बसले होते. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवसांनी बाई घरी आल्या. उजवा पाय ओढत होता, उजव्या हातात पेला धरवत नव्हता, पण हे दोन्ही सुधारेल असं सगळ्यांनी सांगितलं. बोलण्याचं मात्र कोणी छातीठोकपणे सांगेना.

समोरच्याचं बाईंना सगळं कळे. पेपरातल्या मोठ्या अक्षरातल्या बातम्याही कळत. फक्त शब्द मागायला गेलं की भलताच शब्द हातात येई. पाणी हवं असलं की तोंडून "खडू" यायचं. पंखा लावायला सांगायचा तर "गुरुवार". आपण चुकीचं बोललो हे त्यांना त्याच क्षणी समजे आणि ते समजणंच वाईट होतं. गंमत अशी की बेचा पाढा त्या घडाघडा म्हणत. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे बारा महिने न अडखळता म्हणत. पण मधलाच एखादा महिना सांगायचा झाला तर चैत्रापासून सुरुवात करावी लागे आणि हवा तो महिना आला तरी गाडी तिथे न थांबता थेट फाल्गुनात जाऊन उभी राही.

पनवेलला नम्रता नावाची एक तरुण मुलगी होती, बोलणं परत शिकवणारी. तिनं चित्रांची कार्डं दिली. सफरचंद, चेंडू, विमान. बाईंनी तीन दिवस कार्डं पाहिली आणि चौथ्या दिवशी डाव्या हातानं टेबलावरून सरकवून खाली पाडली. नानांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा नम्रता रागावली नाही. ती म्हणाली की काकूंना घराबाहेर काढा, त्यांच्या ओळखीच्या वाटेनं रोज फिरवा, जे दिसेल त्याचं नाव त्यांना घेऊ द्या. मग तिनं नानांना एक काम दिलं.

"काकू शब्द शोधत असतील तेव्हा तुम्ही तो द्यायचा नाही. मनात वीस आकडे मोजायचे. हे सगळ्यात अवघड काम आहे, काका, आणि ते तुमचं आहे."

नानांना ते जमेना. बाईंनी तोंड उघडलं की ते घाईघाईनं विचारत, पाणी हवंय? चष्मा? आपल्या देवव्रतला फोन लावू? प्रेमापोटीच विचारत, पण बाई तोंड मिटून घेत आणि भिंतीकडे बघत बसत. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको आपल्यासमोर अशी गप्प बसलेली नानांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी भाजीबाजारात कोणाकोणाला विचारून ठेवलं की सकाळच्या वेळी मदतीला कोणी चांगली बाई मिळेल का. तिथून सुंदराचं नाव कळलं. नदीपलीकडे, दहिवलीच्या पुढे तिचं घर होतं. सासू लुळी पडली होती तेव्हा सुंदरानं तिचं चार वर्षं सगळं केलं होतं.

सुंदरा पन्नाशी ओलांडलेली, काटक, थोडक्यात बोलणारी. पहिल्या दिवशी तिनं बाईंना तेल लावलं, हातपाय चोळले, वेणी घातली, आणि नानांना म्हणाली, "नाना, तुमी आता पेपर वाचा. आमी दोघी फिरून येतो."

नाना निघायला उठलेच होते. ते परत बसले.

पहिल्या दिवशी त्या कपालेश्वराच्या देवळापर्यंतच गेल्या आणि परत आल्या. घर बाजारपेठेतल्याच एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर. तिथून देऊळ पाच मिनिटांवर, पण बाईंना अर्धा तास लागला. आठवडाभरानं त्या देवळापुढच्या उतारानं नदीकडे वळल्या. मग हळूहळू रोजचा एक फेरा ठरून गेला. पेठेतून देऊळ, देवळापासून खाली उल्हास नदी, काठाकाठानं झाडांखालच्या पायवाटेनं धुण्याच्या दगडांपर्यंत, तिथे जरा बसायचं, आणि मग भातगिरणीच्या बाजूनं चढून भाजीबाजारातून परत. पुढे वाट दहिवलीच्या पुलाकडे जात होती. तो पूल धुण्याच्या दगडांवरून दिसे. सुंदरा रोज सकाळी तोच ओलांडून येई.

नदी हिवाळ्यात शांत असते. दगड उघडे पडलेले, मधूनमधून डोह, कडेला जलपर्णी, पलीकडे भात कापलेल्या खाचरांत वालाची हिरवळ. पूर्वेला ढाकचा डोंगर. सुंदरा चालताना कशाचं नाव सांगत नसे. बोट दाखवून "हे काय?" असंही विचारत नसे. ती फक्त थांबे. एखादा खंड्या तारेवर बसलेला दिसला की उभी राही आणि त्याच्याकडे बघत राही. बाईही बघत. शब्द आला तर आला. नाही आला तर सुंदरा म्हणे, "ऱ्हाऊ दे. उद्या असंल तो हितंच."

डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला शब्द जागेवर आला. भाजीबाजारात एका म्हातारीनं मुळ्याच्या जुड्या मांडल्या होत्या. बाईंनी काठी टेकली, जुडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुळा." म्हातारीला काही कळलं नाही. तिनं जुडी उचलून पिशवीत घालायला धरली. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सुंदरानं जुडी घेतली, आणि त्या दिवशी गुप्त्यांकडे मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर आणि मुळ्याचे पराठे झाले. नानांना मुळा सोसत नाही, पण त्यांनी सगळं खाल्लं.

त्यानंतर शब्द येऊ लागले. सरळ रांगेत नाही. एक यायचा, दोन हुलकावणी द्यायचे. देवळाला बाई "शाळा" म्हणाल्या आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. घाट चढायच्या आधी रेल्वेला मागून इंजिन लावतात, त्याचा आवाज नदीवर ऐकू येई. तो ऐकून एकदा त्या स्पष्ट म्हणाल्या, "ढकल." सुंदराला ते फार आवडलं. पेठेतल्या लोकांनाही कळलं होतं. फुलवाला त्या येताना दिसल्या की हातातलं काम बाजूला ठेवून उभा राही, आणि त्या "शेवंती" म्हणेपर्यंत गिऱ्हाइकांना थांबवून ठेवी. कोणी कुरकुर केली नाही. गावानं इतकी वर्षं बाईंचं ऐकून घेतलं होतं, आता त्यांच्यासाठी थांबायलाही गाव तयार होतं. बाईंना हे रोज दिसत होतं. घरी आल्यावर त्या बराच वेळ खिडकीशी बसून राहत, पण आता त्यांची पाठ नानांकडे नसे.

एकच नाव त्यांना काही केल्या येत नव्हतं, ते सुंदराचं. त्या तिला कधी छाया म्हणत, कधी मैना. ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींची नावं होती. सुंदरा प्रत्येक नावाला ओ देई.

जानेवारी लागला. एके दिवशी ऊन छान पडलं होतं आणि दोघी धुण्याच्या दगडांवर बसल्या होत्या. खालच्या अंगाला दोन बायका चादरी आपटत होत्या. बाईंनी वाकून डावा हात प्रवाहात घातला, आणि इतके दिवस "खडू" म्हणून येणारा तो शब्द अचानक आला.

"पानी," बाई म्हणाल्या.

त्यांनीच दचकून सुंदराकडे पाहिलं. पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा "पानी"च आलं. जिभेचं टोक वर वळून टाळूला लागायला तयारच नव्हतं. सुंदरा हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिचं हसू थांबलं आणि ती नदीकडे तोंड करून बोलू लागली.

तिनं सांगितलं की ती बाईंचीच विद्यार्थिनी. सातवीत होती. बाई तेव्हा नुकत्याच शाळेत लागल्या होत्या, लांब वेणी, हातात नेहमी छत्री. एकदा शाळेत कसल्यातरी कागदावर वडलांची सही हवी होती. सुंदरानं आणली नव्हती. बाईंनी विचारलं, वडील कुठे आहेत? ती उभी राहून म्हणाली, बा घरी नाय, रानात हाय. वर्ग हसला. बाईंनी तिला बाकावर उभं केलं आणि म्हणायला लावलं, माझे वडील घरी नाहीत, शेतात आहेत. एकदा नाही, दहा वेळा. पाचव्या वेळेपासून तिला "नाहीत" म्हणताच येईना. जीभ तिथेच अडके आणि वर्ग हसे.

"मग मी त्या वर्साला वर्गात बोललीच नाय, बाई. तुमी इचारलं तरी नाय. सातवीनंतर घरच्यांनी काढली शाळेतून. ते काय तुमच्यामुळं नाय, घरी कामच होतं. लहान भावंडं होती. पन शाळा सुटली तवा मला बरंच वाटलं." तिनं पायाखालचा खडा पाण्यात लोटला. "त्येच वाईट वाटतं आता."

बाईंना ती मुलगी आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. दहा दहा वेळा म्हणायला त्यांनी किती मुलांना लावलं होतं, त्यातली एकही वेगळी आठवेना. हे बोलून दाखवायलाही त्यांच्याकडे शब्द नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. "खडू," असं आलं. मान हलवून त्यांनी ते पुसून टाकलं. चादरी धुणाऱ्या बायकांनी चादरी पिळल्या, बादलीत टाकल्या आणि त्या चढ चढून निघूनही गेल्या. सुंदरा थांबली होती. तिनं "असू द्या" म्हटलं नाही, विषय बदलला नाही, शब्दही पुढे केला नाही. नदीकडे बघत ती बसून राहिली, जशी ती खंड्यासाठी थांबे.

"चुकलं," बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, छातीवर हात ठेवून, "माझं."

सुंदरानं मान डोलावली. मग तिनं बाईंचा ओला हात आपल्या पदराला पुसला आणि त्यांना उठवलं. भातगिरणीचा चढ चढताना ती एवढंच म्हणाली की आल्या दिवशी तिला धाकधूक होती, बाई ओळखतील म्हणून. ओळखलं नाही तेव्हा सुटल्यासारखं झालं. आणि आता वाटतंय, सांगितलं ते बरं झालं.

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. नानांनी काय झालं विचारलं, आणि या वेळी त्यांनी स्वतःच उत्तरं सुचवली नाहीत. ते समोर खुर्ची ओढून बसले, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ओठ न हलवता मोजू लागले. वीस झाले, चाळीस झाले. बाईंनी तोडक्या शब्दांत, खुणांनी, मधे डाव्या हातानं कागदावर एक बाक काढून त्यांना सांगितलं. नानांना सगळं कळायला तासभर लागला. सगळं ऐकल्यावर ते उठले. त्यांनी दोन पानं वाढून घेतली आणि दोघं एकत्र जेवले.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी त्यांचा मुलगा देवव्रत पुण्याहून आला. त्याची अकरा वर्षांची मुलगी सानवीही बरोबर होती. देवव्रत मनानं चांगला मुलगा. दोन महिन्यांत तो सहा वेळा येऊन गेला होता. या खेपेला तो ठरवूनच आला होता. आपल्याच सोसायटीत त्यानं खालच्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. जवळ मोठं हॉस्पिटल, बोलण्याचे वर्ग, दिवसभराची प्रशिक्षित नर्स. जेवणं झाल्यावर त्यानं हे सगळं मांडलं. तो बरोबरच बोलत होता. नानांनाही ते पटत होतं, कारण रात्री काही झालं तर आपण एकटे काय करणार, ही धास्ती त्यांना नोव्हेंबरापासून सोडत नव्हती.

सुंदरा भांडी आवरून निघायच्या बेतात होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली.

देवव्रत म्हणाला, "आई, महिनाअखेर गाडी घेऊन येतो. चालेल ना तुला?"

बाईंनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. देवव्रतनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, त्रास करून घेऊ नकोस. मला कळलं. तुला घर सोडायचं वाईट वाटतंय, पण..."

"देवा, थांब," नाना म्हणाले. "तिला बोलू दे."

देवव्रत चमकून थांबला. खाली पेठेत कोणीतरी टेंपो मागे घेत होतं. बाईंच्या कपाळावर घाम आला. सानवी आजीच्या ओठांकडे बघत होती.

"नाय," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी श्वास घेतला आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, "मी... हितं... बरी हाय."

सानवीचे डोळे मोठे झाले. हीच आजी फोनवर तिचं "मला नाय माहीत" सुधारून मगच पुढे बोलत असे. ती म्हणाली, "आजी, तू नाय म्हणालीस." बाईंनी मान डोलावली. त्यांना ते कळलं होतं. आणि त्यांना ते सुधारायचंही नव्हतं. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांनी एक अख्खं वाक्य म्हटलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना हवा तोच होता.

देवव्रत आधी हसला, मग त्यानं चष्मा काढला. बाई अजून थांबल्या नव्हत्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. "मैना," म्हणाल्या, आणि लगेच मान हलवली. "छाया." पुन्हा मान हलवली. दारातली सुंदरा जागेवरच उभी होती. बाईंनी डोळे मिटले. घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला. नानांनी तीस मोजले, पुन्हा एकापासून सुरू केलं.

"सुंदरा," बाई म्हणाल्या. "सुंदरा... बोलवते. मला."

बोलायला लावते म्हणायचं होतं त्यांना. ते सगळ्यांना कळलं. सुंदरा "येते मी" असं काहीतरी पुटपुटली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

पुण्याचा विषय तिथे संपला. देवव्रतनं जाताना नम्रताशी फोनवर बोलून आठवड्यातून दोनदा मोबाइलवरून वर्ग ठरवले, जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून घेतला, आणि शेजाऱ्यांकडे एक किल्ली देऊन ठेवली. निघताना तो आईला म्हणाला की मी दर पंधरवड्याला येणार आणि तुमच्याबरोबर नदीवर फिरायला येणार. बाई म्हणाल्या, "ये."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुंदरानं बाईंना आणि नानांना घरी बोलावलं. वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि तिचा नवरा हिरामण मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावणार होता. मुलगा संतोष खोपोलीला कंपनीत जाई, त्यालाही त्या दिवशी सुट्टी होती. रिक्षा पाठवते, असं सुंदरा म्हणाली. बाईंनी बोट हलवून नकार दिला आणि नदीच्या बाजूला हात केला.

दुपारी तीनला दोघं निघाली. नानांनी एक घडीची खुर्ची बरोबर घेतली. देऊळ, उतार, काठाची वाट, धुण्याचे दगड इथपर्यंतची वाट पायांच्या सवयीची होती. त्यापुढे मात्र दोन महिन्यांत त्या गेल्या नव्हत्या. पुलाच्या चढावर बाई दोनदा खुर्चीवर टेकल्या. पुलावर मधोमध त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तिथून सगळा फेरा एका नजरेत दिसत होता, देवळाचा कळस, गिरणीचं पत्र्याचं छप्पर, घरांच्या मागच्या बाजू, आणि त्यांना कडेनं बिलगून जाणारी नदी. या गावात त्या लग्न करून आल्या होत्या. शाळा, घर आणि बाजार यापलीकडे नदीकाठानं त्या इतकं कधी चाललेल्याच नव्हत्या. सगळा संसार नदीपासून पाच-दहा मिनिटांवर केला आणि आजारी पडल्यावर तिच्याशी ओळख झाली. त्यांनी कठड्यावर हात ठेवून क्षणभर मान लववली, देवळात लववतात तशी.

"दमलीस?" नानांनी विचारलं, आणि मोजत उभे राहिले.

"नाय," बाई म्हणाल्या. "बरं वाटलं."

सुंदराच्या खळ्यात हिरामण मडकं भरत बसला होता. बाईंना बघून तो गडबडीनं उठला आणि हात धोतराला पुसत उभा राहिला. बाईंसमोर काय बोलावं ते त्याला सुचेना. तेव्हा बाईंनी त्याला खाली बसायची खूण केली आणि स्वतः खुर्ची ओढून मडक्याजवळ बसल्या. मडक्याच्या तळाशी हिरवा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, वांगी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी गच्च पाला. मग मडकं उपडं ठेवून त्यावर पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि संतोषनं जाळ लावला. तीसेक मिनिटांत त्या पाल्याचा वास सगळ्या खळ्यात पसरला, ओव्यासारखा, पण ओवा नव्हे.

पोपटी बाईंनी अनेक वर्षं खाल्ली होती. पण ती दर हिवाळ्यात कोणी ना कोणी डब्यात घालून घरी आणून दिलेली. पाला काढून टाकलेला. हा पाला त्यांनी कधी हातातच घेतला नव्हता. बाजूला उरलेली एक डहाळी त्यांनी उचलली, चुरगाळली, हुंगली आणि सुंदराकडे पाहिलं.

"हे... काय?"

सुंदरा क्षणभर थबकली. बाईंचा शब्द हरवला आहे असं समजून ती नेहमीसारखी वाट बघू लागली. बाईंनी मान हलवली. त्यांनी डहाळी पुढे केली आणि पुन्हा तेच विचारलं. हा शब्द हरवलेला नव्हता. तो त्यांच्याकडे कधी नव्हताच.

"भांबुर्डा," सुंदरा म्हणाली. "बांधावर उगवतो. कोनी लावत नाय. त्याच्याबिगर पोपटी व्हतच नाय, बाई."

"भा... भाबु..." बाई म्हणाल्या. शब्द जिभेवरून घसरला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा मधेच अडखळल्या. हिरामण गोवरी सारता सारता थांबला. संतोषनं फोन खिशात ठेवला. नानांनी हात मांडीखाली घातले. कोणी हसलं नाही, कोणी घाई केली नाही.

"भांबुर्डा," बाई म्हणाल्या.

सुंदराचं तोंड फुललं. "बराबर," ती म्हणाली.

पोपटी उघडली तेव्हा अजून ऊन होतं. सगळे खळ्यात वर्तुळ करून बसले. शेंगा गरम होत्या, बोटं भाजत होती, सोललेले दाणे हिरवे आणि मऊ. बाईंचा उजवा हात अजून नीट चालत नव्हता, म्हणून त्या शेंग डाव्या हातात धरत आणि दातांनी सोलत. सुंदरा त्यांच्या ताटात शेंगा घालत राहिली. मधे एकदा बाईंनी सुंदराच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच बराच वेळ राहू दिला. निघताना हिरामणनं भांबुर्ड्याची एक जुडी बांधून नानांच्या हातात दिली. घरी आल्यावर बाईंनी ती खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सानवीला फोन लावायला सांगितला. त्यांना तिला एक शब्द शिकवायचा होता.